आपल्याच गावचं नवं गाणं रेडिओवर लागलं तर तुम्ही स्टेशन बदलता का?

मंद्र_सप्तक | रविवार, रात्री १०:४२

आज सकाळी पावणेआठच्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, काचा वर केलेल्या गाडीत, आम्ही सहा जण कोंबून बसलो होतो. गाडी शेजारच्या काकांची. कारण साधं आहे, आमच्या घरात रेडिओ नाही. मजल्यावर कुणाकडेच नाही. पूर्वीच्या मोबाईलात एफएम असायचं, इअरफोन खुपसला की त्याची वायरच अँटेना व्हायची. आताच्या फोनला ते भोकच नाही. आणि आमच्या ग्रुपचं गाणं आयुष्यात पहिल्यांदा रेडिओवर लागणार होतं.

लागलं. सुरुवातीच्या बासरीवर आरजे बोलत राहिला (त्या बासरीवाल्याला आम्ही पदरचे अडीच हजार दिलेत), आणि दुसरा अंतरा संपायच्या आत गाद्यांची जाहिरात सुरू. तरी अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आईने डोळे पुसले. बाबा म्हणाले, "चाल बरी आहे. पण तुम्ही लोक बाबूजींचं एखादं का नाही म्हणत?"

थोडं आधीचं सांगतो. आम्ही नाशिकचे चौघं, सगळे नोकरदार. एक मित्र कविता करतो, चाल माझी. सातपूरला एकाच्या घरातल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, मिक्सिंग, सगळं धरून अडतीस हजार गेले. यूट्यूबवर चारशे बारा लोकांनी पाहिलं, त्यातले शंभरेक वेळा तर आम्हीच. मग पेन ड्राइव्ह घेऊन शहरातल्या एका एफएम स्टेशनवर गेलो. तिथल्या माणसाने गाणं पूर्ण ऐकलं, हे विशेष. म्हणाला, "छान आहे हो. पण लोकांना माहीत नाहीये ना." सहा महिने पाठपुरावा केल्यावर आजची रविवार सकाळ मिळाली. एकदाच.

माहीत नाही म्हणून लावत नाहीत, आणि लावत नाहीत म्हणून माहीत होत नाही. हा गुंता सोडवायचा कुणी? स्टेशनला दोष द्यायला बसलो होतो, पण मग आठवलं की परवाच मित्राच्या गाडीत अनोळखी गाणं लागलं आणि पहिल्या ओळीलाच माझं बोट बटणावर गेलं. म्हणून शीर्षकातला प्रश्न. खरं खरं उत्तर द्या.

.......

टिवल्याबावल्या | रविवार, रात्री ११:०५

मी पयला! गाण्याची लिंक कुठेय? चारशे तेरावा मी.

.......

परखड_पेठकर | रविवार, रात्री ११:२०

'माहीत नाही म्हणून लावत नाहीत' हे शेवटच्या परिच्छेदातलं वाक्य प्रत्येक हौशी बँडवाला म्हणतो. राग मानू नका. गाणं दमदार असेल तर वाजतंच. २०१६ साली 'सैराट'ची गाणी हिंदी स्टेशनांनीही रात्रंदिवस वाजवली, तेव्हा मराठीपण आडवं आलं नाही. लोकांना काय आवडावं हे सक्तीने ठरवता येत नाही.

.......

लॉगवाला | सोमवार, सकाळी ७:५०

नऊ वर्षं एका खाजगी एफएमच्या संगीत विभागात काढली. कुठल्या ते विचारू नका. मेगाबायटी प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

आरजे गाणी निवडतो हा समज आधी काढून टाका. रात्रीचा एखादा खास कार्यक्रम सोडला तर आरजेच्या हातात लॉग, म्हणजे गाण्यांची तयार यादी येते. गाण्यांचा क्रम सॉफ्टवेअर लावतं. त्यात प्रत्येक तासाचं एक घड्याळ आखलेलं असतं: इथे नवं हिट, इथे दोनेक वर्षांपूर्वीचं, इथे नव्वदीतलं, इथे जाहिराती. सकाळच्या गर्दीच्या तासात जाहिराती जास्त, त्यामुळे आमच्याकडे आठ-नऊ गाण्यांपुरतीच जागा उरायची. त्यातली तीन-चार 'पॉवर' गाणी, म्हणजे दर दोन-तीन तासांनी फिरून येणारी. उरलेल्या चार-पाच जागांसाठी सगळं जग रांगेत.

आता 'माहीत नाहीये ना'चा अर्थ. श्रोत्यांना फोन करून गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवतात, त्याला हुक म्हणतात. ओळखता का, आवडतं का, ऐकून कंटाळा आला का, असे प्रश्न. नवं गाणं पहिल्याच प्रश्नाला गारद होतं. सिनेमाचं गाणं मात्र तिथवर पोचेपर्यंत टीव्हीवर, होर्डिंगवर, लग्नात वाजून आलेलं असतं. पेठकर, तुमच्या 'सैराट'चं उत्तर यात आहे. ती गाणी जबरदस्त होतीच, पण रेडिओने ती लोकांना ओळखीची केली नाहीत, लोकांनीच ओळखीची करून रेडिओच्या दारात आणून ठेवली.

भरीला मोजमाप. २००७ पासून रॅम नावाची पद्धत आली. निवडक लोकांना डायरी द्यायची, त्यांनी कधी कुठलं स्टेशन ऐकलं ते भरायचं. मोजक्या महानगरांत. नाशिक, सोलापूर, अकोला त्यात नव्हतीच. पण मोठ्या जाहिराती मुंबईत बसून चार-पाच शहरांच्या एकत्र विकल्या जातात, त्यामुळे जे मुंबईत चालतं त्याचाच साचा खाली उतरतो. नाशिकच्या स्टेशनला नाशिकचं वाटायचं कारणच उरत नाही.

मंद्र, कामाचं सांगतो. व्हॉट्सॅपवर एमपीथ्री पाठवू नका, वेव्ह फाइल द्या. सोबत शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण तुमचंच आहे असं सहीचं पत्र जोडा. पुष्कळ गाणी आवडूनही निव्वळ कागद नाहीत म्हणून पडून राहतात, कारण हक्कांची भानगड स्टेशनला नको असते. सुरुवातीची बासरी अर्धी करा. तुम्ही ती ऐकण्यासाठी ठेवलीत, आमच्या लेखी ती आरजेच्या बोलण्याची जागा. आणि तुमचा कवी मित्र आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद आहे का? तुम्ही आहात का? २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क वेगळा शाबूत राहतो, आणि रेडिओवर गाणं वाजलं तरी तो लागू होतो असं २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलंय. एकदा वाजल्याचे चहापुरतेही मिळणार नाहीत, पण नोंद हवी.

.......

मंद्र_सप्तक | सोमवार, सकाळी ८:१५

लॉगवाले, साष्टांग. बासरीवाल्याला हे मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा.

.......

ध्वनिक्षेपिका | सोमवार, दुपारी २:३०

अठ्ठावीस वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते. मंद्र, तुमच्या वडिलांच्या वाक्यावर हसूही आलं आणि थोडं दुखलंही. त्यांना एवढंच सांगा की बाबूजींची गाणीसुद्धा एका सकाळी पहिल्यांदाच लागली होती.

गीतरामायणाचंच घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. पुणे केंद्र तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं, २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं. गदिमांचे शब्द, बाबूजींची म्हणजे सुधीर फडक्यांची चाल, आणि कार्यक्रमाची कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची. पुढच्या एप्रिलपर्यंत छप्पन्न गाणी झाली (बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला). लोक हे सगळं सांगतात. मला त्यातली वेळापत्रकाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नवं गाणं शुक्रवारी सकाळी पावणेनऊला लागायचं आणि तेच शनिवारी, तेच पुन्हा रविवारी त्याच वेळी. तीन दिवसांत तीनदा. रविवारपर्यंत बायका भाजी निवडताना धृपद गुणगुणायला लागलेल्या. कान पहिल्या वेळी नुसता पारखतो, दुसऱ्या वेळी ओळखतो, तिसऱ्या वेळी त्याला ते आपलं वाटतं. गदिमा आणि बाबूजींनाही तिसरी वेळ लागली, तुम्हाला एकदाच लावून कसं चालेल?

तेव्हा प्रत्येक केंद्राचे स्वतःचे वादक, स्वतःचे संगीतकार असत. मुंबईला यशवंत देव नोकरीलाच होते. 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमातून नवी भावगीतं येत. स्थानिक गायकाला ऑडिशन द्यावी लागे, मग बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळे आणि वर्षात काही ठरावीक वेळा बोलावणं येई. मानधन फार नव्हतं. पण "आकाशवाणी कलाकार" हे पत्रिकेवर छापता येई आणि त्यावर गावात शिकवण्या चालत, अशी कितीतरी घरं मला ठाऊक आहेत.

आणि एक. आम्ही प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगत असू. न सांगता गाणं लावणं ही चूक मानली जाई. तुमच्या गाण्याला नावं सांगितली का हो?

.......

मंद्र_सप्तक | सोमवार, दुपारी ३:०२

ताई, नाही. "अपने नाशिक का एक बँड" एवढंच.

.......

परखड_पेठकर | सोमवार, दुपारी ४:४०

ताईंबद्दल आदर राखून, आकाशवाणीचा दुसरा अध्यायही सांगायला हवा. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. जन्म पुण्याचा, म्हणजे आमचेच. सिनेसंगीत हलकं म्हणून त्यांच्या काळात ते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि तिथले निवेदक अमीन सयानी घराघरांत पोचले. १९५७ ला विविध भारती काढून सरकारला तीच गाणी परत आणावी लागली. श्रोता काही गुरं नव्हे, दावं लावून चांगलं गवत खाऊ घालायला.

.......

ध्वनिक्षेपिका | सोमवार, सायंकाळी ६:१०

पेठकर, यावेळी पूर्ण मान्य. फक्त एवढंच की सिनेसंगीत काढल्यावर जी पोकळी झाली तीत भरायला सुगम संगीत हवं होतं, आणि आकाशवाणीचे सुगम संगीत विभाग त्या गरजेतूनच वाढले. बंदी चुकली. पण त्याच निमित्ताने नव्या कवींना आणि संगीतकारांना काम मिळालं, हेही खरंच.

.......

बर्फाळ_बंड्या | सोमवार, रात्री ९:५५

टोरांटोहून. इथे सक्तीचा प्रयोग पन्नास वर्षांहून जास्त चालू आहे म्हणून लिहितोय. १९७१ पासून कॅनडातल्या रेडिओवर तीस टक्के गाणी कॅनेडियन लावणं बंधनकारक झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते पस्तीस टक्के केलं. फ्रेंच स्टेशनांना तर पासष्ट टक्के गायन फ्रेंचमध्ये हवं. कारण उघड आहे, सीमेपलीकडे अमेरिका, आणि भाषा तीच. आपल्याकडे मराठीच्या शेजारी हिंदी आहे, तसंच.

स्टेशनवाल्यांनी सुरुवातीला काय केलं असेल? कोट्याची गाणी मध्यरात्री आणि पहाटे ढकलून मोकळे झाले. लोक त्या वेळेला 'बीव्हर अवर्स' म्हणून हिणवायचे. बीव्हर हा इथला राष्ट्रीय प्राणी. तुमच्या रविवार सकाळचं वाचून तेच आठवलं.

'कॅनेडियन गाणं' म्हणजे काय याचे निकषही ठरलेले: संगीत कुणाचं, गायक कुठला, ध्वनिमुद्रण कुठे झालं, शब्द कुणाचे. चारपैकी दोन बसायला हवेत. ब्रायन ॲडम्स पक्का इथला, पण १९९१ च्या त्याच्या अल्बममधली गाणी कॅनेडियन ठरली नाहीत, कारण ती त्याने परदेशी सहकाऱ्याबरोबर मिळून लिहिली होती आणि रेकॉर्डिंगही बाहेरचं. फार ओरड झाली, मग नियम थोडा सैल केला. विनोदी प्रकरण आहे, पण या कोट्यामुळे इथे रेकॉर्डिंगचा धंदा उभा राहिला असं इथले जुने वादक सांगतात. शिवाय कान सरावले. माझ्या मुलीला अमुक गायक हॅमिल्टनचा म्हणून वेगळा अभिमान वगैरे काही नाही. तिला ते गाणं फक्त माहीत आहे, आणि तेवढं पुरतं.

.......

कलम_कसाई | सोमवार, रात्री ११:१५

बंड्या, छान माहिती. पण इथे 'महाराष्ट्र सरकारने कोटा लावावा' असं कुणी म्हणायच्या आधीच सांगून ठेवतो. चित्रपटगृहं हा राज्य सूचीतला विषय, म्हणून २०१५ ला मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम देण्याचा निर्णय राज्याला घेता आला. रेडिओ केंद्र सूचीत, नोंद ३१. मुंबईतून आदेश निघून उपयोग नाही, दिल्लीच हलायला हवी. आणि मल्टिप्लेक्सचं पुढे काय झालं तेही आठवा: खेळ मिळाला, प्रेक्षक मिळालेच असं नाही.

.......

फोडणीची_पोळी | मंगळवार, सकाळी १०:२०

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर अजून कुणीच दिलं नाही म्हणून मी देते. हो, मी स्टेशन बदलते.

माझ्या ओट्यावर रेडिओ आहे, खरा रेडिओ, सेल घालायचा. सकाळी सहा ते नऊ चालू. त्या वेळी मला गाणं "ऐकायचं" नसतं. कुकरच्या शिट्ट्या, मुलाचा डबा, नवऱ्याचा मोजा हरवलेला. मला सोबत हवी असते, आणि हात चालू असताना तोंडाने म्हणता येईल असं काहीतरी. अनोळखी गाण्याला लक्ष द्यावं लागतं. ते माझ्याकडे त्या वेळी शिल्लक नसतं. यात स्थानिक कलाकाराचा अपमान वगैरे नाही हो.

पण एकदा नव्हतं बदललं. निवेदकाने आधी सांगितलं होतं की हे गाणं लिहिणाऱ्या बाई एसटीत कंडक्टर आहेत, आणि ड्यूटी संपल्यावर तिकिटांच्या कागदामागे लिहितात. मी कणीक मळता मळता थांबून ऐकलं. गाणं ठीकच होतं. पण थांबले. पुढच्या आठवड्यात परत लागलं तेव्हा ओळखलं, "कंडक्टरबाईंचं गाणं". ध्वनिक्षेपिकाताई म्हणतात ते असंच असावं. नुसतं 'एक बँड' म्हटल्यावर मी कशाला थांबू? मला कोण ते कळू दे की.

.......

लॉगवाला | मंगळवार, सकाळी ११:००

फोडणीताई, हे आमच्या संशोधनवाल्यांना फोनवर कुणी सांगितलं असतं तर! त्यांच्या फॉर्मवर "थांबून ऐकलं" असा रकानाच नव्हता.

.......

मांडवाचा_खांब | मंगळवार, दुपारी १:४५

मी गणेश मंडळाचा पंचवीस वर्षांपासूनचा कार्यकर्ता. रेडिओ राहू द्या, समोरच्या पब्लिकचं सांगतो. दरवर्षी आम्ही एक दिवस गावातल्या पोरांचा कार्यक्रम ठेवतो. अट एकच घालावी लागते, स्वतःची गाणी दोन, तीही अकराव्या नंबरच्या पुढे. कारण दुसऱ्या नंबरला घेतलं तर खुर्च्या रिकाम्या होतात. वाईट वाटतं, पण वर्गणीदार विचारतात. चिठ्ठ्या येतात त्यात तीच वीस गाणी. दिवाळी पहाटेला जाऊन बघा, पहाटे साडेपाचला अत्तर लावून हजार माणूस येतो आणि प्रत्येक गाण्याची पुढची ओळ गायकाच्या आधी म्हणतो. त्यांना गाणं ऐकायचं नसतंच, आपलं वय आठवायचं असतं.

तिकिटाचं तर बोलूच नका. एका स्थानिक मुलीचा कार्यक्रम दीडशे रुपये तिकिटावर ठेवला. मला त्या आठवड्यात आलेल्या फोनांपैकी निम्मे "पास आहेत का?" म्हणून. विचारणारे चारचाकीवाले.

.......

टिवल्याबावल्या | मंगळवार, दुपारी १:५८

खांबदादा, पुढच्या वर्षीचे पास आहेत का? (हलके घ्या.)

.......

निळी_वाट | मंगळवार, रात्री ८:३०

दोन दिवस वाचतोय. सगळे रेडिओ आणि दिवाळी पहाटेवर बोलताहेत म्हणून जरा वेगळं.

मंद्र, तुम्ही नाशिकचे ना? तुमच्याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचं गाव आहे. वामनदादा कर्डक तिथले, जन्म १९२२. मोठेपणी अक्षरओळख करून घेतली आणि आयुष्यभर गाणी लिहिली, गायली, गावोगाव फिरून. ती काही रेडिओने पोचवली नाहीत. गायन पार्ट्यांनी पोचवली, जयंतीच्या मांडवांनी, नंतर कॅसेटींनी. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, दादांची पन्नासेक गाणी तोंडपाठ.

आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या आधी महिनाभर एकच चौकशी असते, यंदा नवीन काय आलं? दरवर्षी नवीन गाणी लागतात. गेल्या वर्षीचंच वाजवलं तर पोरं डीजेवाल्याला बोल लावतात. गावातला गायक, गावातला ढोलकीवाला, गावातला स्टुडिओ, सगळ्यांना त्या हंगामात काम. हे सगळं श्रोत्यांमुळे चालतं, कारण तिथे श्रोत्याला नवं गाणं हवं असतं. खांबदादांच्या मांडवात त्याला नको असतं. दोन्हीकडे माणसं मराठीच.

तेव्हा 'मराठी श्रोत्याला नवं आवडत नाही' म्हणाल तेव्हा कुठला मराठी श्रोता तेवढं सांगत जा.

.......

खान्देशी_ठेचा | मंगळवार, रात्री ९:१२

निळी_वाट यांना शंभर मोदक. भो, आमच्या धुळे-जळगावकडे अहिराणी गाण्यांचं असंच आहे. यूट्यूबवर एकेक गाणं कोटींच्या घरात जातं. पुण्यातल्या मित्रांना नावही माहीत नसतं. हळदीला बँडवाल्याला नवं गाणं येत नसेल तर त्याची सुपारी जाते! रेडिओच्या आधी बँडवाल्याला पटवा, मंद्रभाऊ. चाल नाचता येण्यासारखी आहे का तेवढं सांगा.

.......

मंद्र_सप्तक | मंगळवार, रात्री ९:३०

ठेचाभाऊ, गाणं धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावाबद्दल आहे. नाचता येणार नाही.

.......

मांडवीकाठ | मंगळवार, रात्री १०:४०

गोव्याची भर घालते. तुमच्याकडे मराठी नाटकांत जुनी नाट्यपदं चालतात, तशी आमच्या तियात्रात, म्हणजे कोंकणी लोकनाट्यात, चालत नाहीत. तियात्र नवं तर कांतारां नवीं. नाटकाच्या मधे मधे पडद्यासमोर येऊन गातात ती गाणी, त्या त्या वेळच्या राजकारणावर, पंचायतीवर, खाणींवर, दारूवर. तिकीट काढून लोक जातात ते आज काय नवं सुनावतोय बघायला. आवडलं तर पुन्हा म्हणायला लावतात, तिसऱ्यांदाही. ध्वनिक्षेपिकाताईंची 'तिसरी वेळ' तिथे एकाच रात्रीत उरकते!

आणि रेडिओ त्यामागे उभा राहिला हेही सांगते. आकाशवाणी पणजीवर कोंकणी कांतारां लागायची म्हणून माझी आई, जी कधी तियात्राला गेली नाही (आमच्याकडे मराठी नाटकं, देवळातली), तीसुद्धा ती गाणी म्हणायची. दोन वेगळ्या वाड्यांतली गाणी रेडिओने एका घरात आणली. नुसत्या मांडवाने ते झालं नसतं. निळी_वाट, तुमचं म्हणणं पटतं. पण तुमच्या आजींची पन्नास गाणी पलीकडच्या आळीत कुणाला येत होती का?

.......

निळी_वाट | मंगळवार, रात्री ११:०५

नाही. हा प्रश्न बरोबर आहे. रेडिओ हवा तो त्यासाठीच. आमच्यात गाणं पोचवायला त्याची गरज कधी पडली नाही, आमच्याबाहेर पोचवायला पडते.

.......

माणगंगा | बुधवार, सकाळी ६:४०

सामुदायिक रेडिओचं नाव कुणी काढंना म्हणून लिवते. आमच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हाय, ९०.४. असली केंद्रं छोटी असत्यात, पन्नास वॅटचा ट्रान्समीटर, धा-पंधरा किलोमीटरवर आवाज खरखरायला लागतो. पण नियमच असा की निम्मा तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांना घेऊन करायचा. २००६ पासून संस्थांना असं केंद्र काढता येतं, त्याच्या आधी निस्ती कॉलेजं-विद्यापीठंच.

माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणती. एका असल्याच केंद्राच्या पोरीनं घरी येऊन मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. ज्या दिवशी लागल्या त्या दिवशी आत्या रानात. तिनं ऐकल्याच न्हाईत. पर संध्याकाळी किराणावाल्यानं तिला "या ओवीवाल्या" म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवशी शेजारणी भांडायला, आमच्या ओव्या का न्हाई घेतल्या. ती पोरगी परत आली, आणि या टायमाला सात जणी तयार.

.......

परखड_पेठकर | बुधवार, सकाळी ९:०५

शेजारणींचं भांडण हा माझ्या मते या धाग्यातला सर्वोत्तम पुरावा. माघार घेत नाही, फक्त नोंदवतो.

बाय द वे, मंद्र, लिंकवर जाऊन गाणं ऐकलं. पहिल्यांदा काही वाटलं नाही. दुसऱ्या अंतऱ्यातली देवळाच्या पायऱ्यांची ओळ काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये. बासरी खरंच लांब आहे.

.......

मंद्र_सप्तक | बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. धाग्यावर जे झालं त्यावर तीन दिवसांत आम्ही चौघांनी थोडं काम केलं, ते सांगतो.

बासरी आठ मात्रांवर आणली. बासरीवाला स्वतःच म्हणाला की त्यालाही ती लांब वाटत होती, पण पैसे घेतल्यामुळे बोलला नाही! कवी मित्राने आयपीआरएसचा फॉर्म काढला. लॉगवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे सहीचं पत्र केलं, आणि फोडणीताईंसाठी चार ओळींचा परिचय: हे गाव कुठलं, पाणी कधी आलं, कवीचे आजोबा कुठली मूर्ती डोक्यावर घेऊन बाहेर पडले. हे सगळं घेऊन काल दुपारी त्याच स्टेशनवर गेलो. त्या माणसाने परिचय वाचला आणि म्हणाला, "हे आधी का नाही दिलंत?" आम्ही काय बोलणार.

सरळ मागितलं की तीन रविवार लागोपाठ लावा, नाहीतर एकदाही नको. ताईंचा गीतरामायणाचा दाखला दिला. तो हसला, वर विचारून सांगतो म्हणाला. आज संध्याकाळी फोन आला: दोन रविवार. तिसऱ्याचं बघू. नावं सांगण्याचं कबूल केलंय, तिन्ही.

आणि एक कबुली. निळी_वाट यांचं वाचून मी हिशोब केला. नाशिकमध्ये स्वतःची गाणी करणारे निदान सहा ग्रुप मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी एकाच्याही गाण्यासाठी मी आजवर कुठल्या स्टेशनला फोन केलेला नाही, तिकीट काढून एकाच्याही कार्यक्रमाला गेलेलो नाही. एकदा गेलो होतो. पासवर.

.......

मांडवाचा_खांब | बुधवार, रात्री १०:४१

कळलं होतं मला.

.......

ध्वनिक्षेपिका | बुधवार, रात्री १०:५०

दोन रविवार म्हणजे दोन रविवार. वडिलांना दोन्ही वेळा गाडीत बसवा. मधल्या दिवसांत घरात वाजवू नका, बघू या काय होतं ते.

.......

टिवल्याबावल्या | बुधवार, रात्री ११:१०

मी नाशकातच असतो. घरात रेडिओ नाही. रविवारी काकांच्या गाडीत जागा आहे का?

.......

मंद्र_सप्तक | बुधवार, रात्री ११:१४

पुढे काका आणि बाबा, मागे आम्ही चौघं. डिकी उघडी ठेवतो. एसी लावणार नाहीत म्हणालेत, पेट्रोल जातं.